शिळा पाव

दरवर्षी पावसाळ्यात, कॉलेज सुरू होऊन महिनाभर झाला की मी बाबूच्या भट्टीवर जाऊन शिळा पाव मागायचे. आठ-दहा पाव पुरत. बाबू माझा धाकटा भाऊ. जुन्या वर्तमानपत्रात पाव गुंडाळताना तो दर वर्षी तेच म्हणायचा, "आपा, सब लोगां ताजा पाव मांगते. तू एकलीच शिळा मांगती." भट्टीवरची पोरं हसायची. मीही हसायचे.

मी तालुक्याच्या गावी सीनियर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. पहिल्या वर्षाच्या मुलांना बुरशी दाखवायची असते. त्याला फारसं काही लागत नाही. पाव ओलसर करायचा, थोडा वेळ उघडा ठेवायचा आणि मग झाकणाच्या डब्यात घालून कपाटात ठेवून द्यायचा. दोन-तीन दिवसांत त्यावर पिंजलेल्या कापसासारखा पांढरा थर येतो. चौथ्या दिवशी त्या कापसावर काळे ठिपके दिसू लागतात. डबा उघडला की मुली नाकाला ओढणी लावतात, मुलं एकमेकांना ढकलतात. मग एकेकानं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला की वर्ग गप्प होतो. काचेसारखे पारदर्शक धागे आणि धाग्याच्या टोकाला काळी गोल पिशवी. पिशवी फुटली की हजारो बीजाणू हवेत. मी फळ्यावर नाव लिहायचे : रायझोपस, म्हणजे पावावरची बुरशी.

तेवीस वर्षं हे असंच चाललं. पाव बाबूचा, बुरशी माझी.

आमचं घर नानबाईंचं. अब्बा लहान वयात पुण्याला एका इराण्याच्या बेकरीत काम शिकले आणि गावी परत येऊन त्यांनी स्वतःची लाकडाची भट्टी घातली. रात्री दोनला अब्बा उठत. मैदा मळण्याचा धपधप आवाज ऐकतच आम्ही भावंडं लहानाची मोठी झालो. आदल्या दिवशीच्या कणकेतला एक गोळा अब्बा बाजूला ठेवत. तेच खमीर. पुढे बाजारात यीस्टच्या वड्या मिळू लागल्या, नंतर सुकं यीस्ट आलं. अब्बांनी तेही घेतलं, पण गोळा बाजूला ठेवायची सवय सुटली नाही. थंडीत त्या भांड्यावर जुनी गोधडी पडायची. अम्मी म्हणायची, "बच्चों से जादा फिकर खमीर की." अब्बा म्हणायचे, "उसमें जान है. थंडी लगी तो सो जाता."

खमीर जिवंत असतं हे मला पुस्तकानं नाही, अब्बांनी शिकवलं. पुस्तकानं त्याचं नाव सांगितलं. किण्व म्हणजे एकाच पेशीची बुरशी. पिठातली साखर खाते, त्यातून वायू सोडते. त्या वायूनं पाव फुगतो. बारावीला ही आकृती काढताना मला वाटलं, हे तर आपल्या घरातलं माणूस आहे. पुढे मी शास्त्र शिकायला गेले त्याचं खरं कारण हेच. आमच्या मोहल्ल्यातून एम.एस्सी.पर्यंत गेलेली मी पहिली मुलगी. फी पावावर भरली गेली.

१९९६ साली मी कोल्हापूरला शिकत होते. त्या वर्षी बातमी आली की, पाव फुगवणाऱ्या किण्वाचा संपूर्ण जनुकसंच वाचून झाला. केंद्रक असलेल्या पेशीच्या, म्हणजे वनस्पती, प्राणी, बुरशी आणि माणूस ज्या गोतावळ्यात येतात त्या गोतावळ्यातल्या कुठल्याही सजीवाचं असं पहिल्यांदाच घडत होतं. बेल्जियमचे आंद्रे गोफो यांच्या पुढाकारानं युरोप, अमेरिका, कॅनडा आणि जपानमधले सहाशेच्या वर शास्त्रज्ञ त्यावर वर्षानुवर्षं राबले होते. सोळा गुणसूत्रं, सुमारे सव्वा कोटी अक्षरं आणि जवळपास सहा हजार जनुकं.

सुट्टीत घरी आल्यावर मी हे अब्बांना सांगितलं. ते पाव पत्र्यावर लावत होते. हात न थांबवता त्यांनी विचारलं,

"कितने निकले बोली?"

"छे हजार के आसपास."

"एक पाव फुगाने कू छे हजार?" अब्बा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "फुगाने कू तो थोडेच लगते होंगे. बाकी के क्या करते?"

बाकीची काय करतात? जगातल्या प्रयोगशाळाही हेच विचारत होत्या. उत्तराचा मोठा भाग असा निघाला की, बाकीची जनुकं खमीराला जगवतात, आणि जगण्याची ही कामं आपल्या आणि त्याच्या पेशीत पुष्कळशी सारखी आहेत. पेशीनं एकाच्या दोन कधी व्हायचं, हे ठरवणारी जनुकं अमेरिकेत लीलंड हार्टवेल यांनी याच पावाच्या किण्वात शोधली. इंग्लंडमध्ये पॉल नर्स किण्वाच्या दुसऱ्या एका जातीवर काम करत होते. त्या जातीचं एक जनुक बिघडलं की पेशीचं विभाजन थांबायचं. १९८७ मध्ये नर्स आणि त्यांच्या सहकारी मेलानी ली यांनी त्या बिघडलेल्या पेशीला माणसाचं जनुक दिलं, आणि ती पुन्हा दुभागू लागली. हार्टवेल आणि नर्स यांना टिम हंट यांच्यासोबत २००१ चं नोबेल मिळालं. कर्करोगात पेशी बेबंद का वाढतात, हे समजण्याची वाट या कामातून गेली.

पुढे २०१५ मध्ये टेक्सासच्या विद्यापीठात आशिक कचरू, एडवर्ड मार्कोट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच प्रश्न मोठ्या प्रमाणावर विचारला. ज्यांच्यावाचून किण्व जगत नाही अशी ४१४ जनुकं त्यांनी निवडली आणि एकेक काढून तिथं माणसाचं तसंच जनुक बसवलं. जवळजवळ निम्म्या वेळा किण्व जगलं. आपले आणि त्याचे पूर्वज वेगळे होऊन सुमारे शंभर कोटी वर्षं झाली, तरी अजून एकमेकांची अवजारं चालतात.

हे ऐकायला अब्बा राहिले नव्हते. २००९ मध्ये ते गेले आणि भट्टी बाबूकडे आली.

२०२१ च्या एप्रिलमध्ये रमजान सुरू झाला आणि पहिल्याच आठवड्यात बाबूला ताप आला. तपासणीत कोरोना निघाला. त्याला आठ वर्षांपासून साखरेचा आजार होता. गोळ्या कधी घ्यायचा, कधी विसरायचा. भट्टीवरच्या माणसाचं खाणं म्हणजे चहात बुडवलेली खारी, चहात बुडवलेला टोस्ट. दवाखान्यात ऑक्सिजन लावावा लागला, स्टेरॉइड द्यावं लागलं. त्या वेळी जीव वाचवण्यासाठी ते गरजेचं होतं. साखर चारशेच्या वर गेली. ईदच्या दोन दिवस आधी तो घरी आला. १४ मेच्या ईदला आम्ही त्याच्या उशाशी बसून शीरखुर्मा खाल्ला, त्याला दिला नाही. वाटलं, सुटलो.

चौथ्या दिवशी त्याचा डावा गाल बधिर झाला. मग वरचे दात दुखू लागले. मग एका वस्तूच्या दोन दिसू लागल्या. जिल्ह्याच्या ठिकाणी नेलं. नाकात दुर्बीण घातल्यावर डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. मी काय शिकवते ते त्यांना ठाऊक होतं. त्यांनी आजाराचं पूर्ण नाव घेतलं : म्युकरमायकोसिस. लोक त्याला 'काळी बुरशी' म्हणू लागले होते. खरं तर ती बुरशी शरीरात काळी नसते. ती रक्तवाहिन्यांत शिरते, रक्त अडवते आणि रक्तावाचून मेलेलं मांस काळं पडतं. त्या वर्षी जुलैपर्यंत देशात ४५,००० हून जास्त रुग्णांची नोंद झाली. सर्वांत जास्त आपल्या महाराष्ट्रात होते.

शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री त्याच्याजवळ मी होते. डोळा जाणार हे त्याला सांगून झालं होतं. वॉर्डात दिवे मंद होते. मला वाटलं, झोपला. तेवढ्यात तो म्हणाला,

"आपा, ये बुरशी बोलते सो... तू पाव पो उगाती सो वोच है क्या?"

मी तेवीस वर्षं वर्गात उभी राहिलेली बाई. प्रश्नाला उत्तर देणं हेच माझं काम. मी म्हटलं, "नै रे बाबू. वो अलग, ये अलग. सो जा."

त्याचा प्रश्न बरोबर होता आणि माझं उत्तर खोटं होतं.

सकाळी त्याचा डावा डोळा आणि वरच्या जबड्याचा काही भाग काढला. पुढचे दिवस अँफोटेरिसिनच्या शोधात गेले. त्या दिवसांत ते इंजेक्शन कुठंच सरळ मिळत नव्हतं. भाचा चिठ्ठी घेऊन या गावाहून त्या गावाला फिरायचा. कधी सहा कुप्या मिळायच्या, कधी दोन. इंजेक्शन सुरू झालं की बाबूला हुडहुडी भरायची, दात वाजायचे. अंगावर दोन ब्लँकेटं घालून भावजय त्याचे पाय दाबत बसायची. रोज मूत्रपिंडाची तपासणी व्हायची. आकडा वाढला की औषध थांबवायचं, उतरला की पुन्हा द्यायचं. तो वाचला. जुलैत घरी आला.

भट्टी भावजय आणि जुने कारागीर चालवत होते. गावात कुजबुज होती. कुणी म्हणे, बेकरीत बुरशी असतेच. एका बाईंनी गल्ल्यावर सरळ विचारलं, "पाव खाल्ल्यानं काही होत नाही ना?" बाबू आतल्या खोलीत होता. त्यानं ऐकलं. लोकांच्या बोलण्याचं त्याला फार वाटलं नसतं, गावात धंदा करणाऱ्याला ते ऐकावंच लागतं. पण दोन दिवसांनी भाची अकरावीचं जीवशास्त्र मोठ्यानं वाचत होती. धड्यात रायझोपस आला, पुढं 'पावावरची बुरशी' आलं. आजाराचे कागद बाबूच्या उशाखाली होते. तपासणीच्या अहवालात तेच नाव होतं. त्यानं भाचीकडून दोन्ही नावं जुळवून घेतली.

त्याच संध्याकाळी त्यानं भट्टी विझवायला सांगितली. अब्बा गेले तो दिवस सोडला तर ती भट्टी कधी थंड पडली नव्हती. मी धावत गेले. त्यानं माझ्याकडं पाहिलं नाही.

"तू मेरेसे झूट बोली आपा."

"हौ, बोली."

"जो चीज मेरी आंख खा गई, वो मैं लोगां के बच्चों कू खिलारा. ऐसा हलाल का पैसा होता क्या?"

सहा घरं त्या भट्टीवर जेवत होती. पण त्याचा प्रश्न पैशाचा नव्हता, आणि त्याला समजूत नको होती. समजूत मी एकदा घालून चुकले होते. मी म्हटलं, मला आठ दिवस दे. या वेळी पूर्ण सांगते. आवडलं नाही तरी सांगते.

त्या आठ दिवसांत मी जितकं वाचलं तितकं एम.एस्सी.ला वाचलं नव्हतं. मग एका दुपारी त्याच्यासमोर बसले. त्यानं तीन प्रश्न विचारले.

पहिला प्रश्न : ती तीच आहे का?

मी म्हटलं, घराणं तेच, जात बहुधा वेगळी. पावावर नेहमी दिसणारी रायझोपसची जात अंगाच्या उष्णतेत नीट वाढत नाही. माणसाला सर्वांत जास्त धरते ती तिची भाऊबंद, रायझोपस अरायझस. पण तीही पावावर उगवू शकते. माझ्या डब्यात दरवर्षी कोणती होती हे मी कधी तपासलं नव्हतं. म्हणून 'अलग' म्हणायचा मला हक्क नव्हता. याच घराण्यातल्या एका बुरशीनं इंडोनेशियात सोयाबीन आंबवून टेंपे करतात आणि लोक ते रोज खातात, हेही मी सांगितलं. घराण्याच्या नावावरून कुणाचा निवाडा होत नाही.

दुसरा प्रश्न : माझ्या पावातून आली का?

नाही. भट्टीच्या आगीत ना खमीर उरतं ना बुरशी. पावावरची बुरशी नंतर हवेतून येते. तिचे बीजाणू मातीत, कचऱ्यात, पाचोळ्यात, प्रत्येक घराच्या हवेत असतात. आपण सगळेच ते रोज श्वासातून घेतो. ज्यांनी आयुष्यात पावाला हात लावला नाही त्यांनाही हा आजार झाला आणि गावभर पाव खाणाऱ्यांना झाला नाही.

तिसरा प्रश्न विचारायला तो थोडा थांबला. "तो फिर मेरेकूच कायकू? तू तो तेईस साल से डिब्बा खोलके उसपो नाक धरके बैठती. तेरेकू कायकू नै?"

या प्रश्नाचं उत्तर दहा-बारा वर्षांपूर्वी मला देता आलं नसतं. आता देता येतं, ते जनुकांच्या अभ्यासामुळं. २००९ मध्ये रायझोपसचा जनुकसंच वाचून झाला. त्यासाठी वापरलेली बुरशी या आजारानं दगावलेल्या एका रुग्णाच्या शरीरातून घेतली होती. कुणाचं तरी माणूस गेलं आणि त्याच्यातून हा ग्रंथ वाचला गेला. वाचल्यावर दिसलं की, फार पूर्वी कधीतरी या बुरशीचा सगळाच्या सगळा जनुकसंच दुप्पट झाला होता. त्यामुळं कितीतरी कामांसाठी तिच्याकडं जनुकांच्या जास्तीच्या प्रती आहेत.

मग लॉस एंजेलिसमध्ये अश्रफ इब्राहिम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती माणसाच्या पेशीत शिरते कशी, याचा माग काढला. आपल्या पेशींत एक प्रथिन असतं. त्याचं नाव जीआरपी-७८. इतर प्रथिनांची घडी नीट बसवणं हे त्याचं रोजचं काम. पण रक्तात साखर फार वाढली, आम्ल वाढलं, मोकळं लोह वाढलं की पेशीवर ताण येतो आणि हे प्रथिन पेशीच्या बाहेरच्या बाजूला जास्त दिसू लागतं. त्याला घट्ट धरणारं प्रथिन बुरशीच्या अंगावर असतं. त्याच्या जनुकांचं नाव कॉट-एच. आणि जी साखर, जे लोह आपल्या पेशीवरचा कडीकोयंडा वाढवतं, तेच बुरशीच्या अंगावरचा हा हातही वाढवतं. नाकातल्या पेशीत ती शिरते ती अशीच, हे २०२० मध्ये दाखवलं गेलं.

"मेरी साखर नीट होती, बाबू," मी म्हटलं. "बीजाणू माझ्याही नाकात गेले असतील. त्यांना धरायला कडी मिळाली नाही. तुझ्या अंगात त्या दिवसांत दार सताड उघडं होतं. साखर होती, वर स्टेरॉइड होतं, कोरोनानं अंग खिळखिळं केलं होतं. पावाचा त्यात हात नाही."

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "ये सब तू बोलरी. सबूत?"

नानबाईचा मुलगा आहे. पीठ हातात घेतल्याशिवाय तो कुणाचं ऐकत नाही. सबूत माझ्याकडं होतं आणि ते शेवटी सांगायचं म्हणून मी राखून ठेवलं होतं.

इब्राहिम यांच्या गटानं २०१४ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. आत शिरण्याचं काम खरंच कॉट-एच करतं का, की दुसरंच काही, हे त्यांना पडताळायचं होतं. त्यासाठी असा एक सजीव हवा होता, जो बुरशीच्या गोतातला आहे, पण ज्याच्याकडं कॉट-एच नाही आणि जो आपणहून असा माणसाच्या पेशीत घुसत नाही. त्यांनी घेतलं सॅकरोमायसिस सेरेव्हिसी.

"मंजे?"

"मंजे अब्बा का खमीर."

बाबू उठून बसला.

त्यांनी रायझोपसचं ते जनुक काढून किण्वात घातलं. साधं किण्व पेशीपाशी नुसतं पडून राहायचं. त्या एका जनुकासह तेच किण्व पेशीला धरू लागलं, आत शिरू लागलं. मग उलट बाजूनं पाहिलं. रायझोपसमधलं कॉट-एच कमी केलं, तर तिचं आत शिरणं कमी झालं आणि मधुमेही उंदरांतला आजारही सौम्य झाला. कॉट-एचला अडवणारी प्रतिपिंडं दिली, तर उंदरांचं रक्षण झालं. म्हणजे हात कुणाचा, हे ठरलं. आणि ते ठरवायला साक्षीला उभं राहिलं ते आपलं खमीर. त्याच्याकडं तो हात नव्हताच, म्हणून तर त्याची साक्ष घेता आली.

बाबूनं एका डोळ्यानं माझ्याकडं पाहिलं. दुसऱ्यावर पट्टी होती. "अब्बा कू बोलना था ये," तो म्हणाला.

मग त्यानं एक चौथा प्रश्न विचारला, तो माझ्या तयारीत नव्हता. "इतना सब मालूम है तो दवा ऐसी कायकू? मेरे गुर्दे निकल जाते थे."

त्याचंही उत्तर नात्यातच आहे. जिवाणू आपल्यापासून फार दूरचे, म्हणून त्यांना मारून आपल्याला सोडणारी औषधं पुष्कळ सापडली. बुरशी मात्र आपल्या जवळची. ज्या सारखेपणामुळं माणसाचं जनुक किण्वात चालतं, त्याच सारखेपणामुळं बुरशीवरचं विष आपल्यालाही लागतं. अँफोटेरिसिन बुरशीच्या पेशीच्या आवरणातलं अरगोस्टेरॉल पकडतं. आपल्या आवरणात त्याच्या जागी कोलेस्टेरॉल असतं. दोघांत फरक आहे, पण थोडाच. औषध तेवढ्याशा फरकावर चालतं आणि चुकलं तिथं मूत्रपिंडाला लागतं. म्हणून शास्त्रज्ञ दोन्ही ग्रंथ शेजारी ठेवून वाचतात, बुरशीचा आणि आपला. बुरशीकडं आहे आणि आपल्याकडं नाही असं काय, हे शोधतात. कॉट-एच तसं एक आहे. पण उंदरापासून रुग्णाच्या खाटेपर्यंतचा रस्ता लांब असतो, आणि तो अजून संपलेला नाही.

खमीराचं मी त्याच्यापाशी फार कौतुक केलं नाही. त्याच्या जातकुळीत खुनीही निघतात. कँडिडा ऑरिस हे एक किण्वच. २००९ मध्ये जपानमध्ये एका सत्तर वर्षांच्या बाईंच्या कानातून ते पहिल्यांदा नोंदवलं गेलं. पुढच्या काही वर्षांत ते निरनिराळ्या खंडांतल्या रुग्णालयांत दिसू लागलं, अनेक औषधांना दाद न देणारं. वाटलं, एकाच ठिकाणाहून विमानानं पसरलं असेल. पण भारत, पाकिस्तान, दक्षिण आफ्रिका, व्हेनेझुएला, जपान इथल्या नमुन्यांचे जनुकसंच शेजारी ठेवले तेव्हा त्यांचे चार वेगळे वंश निघाले. ते जवळपास एकाच काळात निरनिराळ्या ठिकाणी डोकं वर काढत होते. दिल्लीच्या अनुराधा चौधरी यांच्या गटानं ते २०२० मध्ये अतिदक्षता विभागातल्या कोरोनाच्या रुग्णांत नोंदवलं, आणि २०२१ मध्ये अंदमानच्या किनाऱ्यावर, खाजणात. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये धोकादायक बुरशींची पहिली यादी केली. तिच्यात एकोणीस नावं आहेत. कँडिडा ऑरिस सर्वांत वरच्या गटात आहे आणि बाबूला झालेल्या आजाराच्या बुरशी त्याखालच्या गटात.

त्या दुपारी बाबू काही म्हणाला नाही. रात्री दोनला भावजयीचा फोन आला. मी घाबरून उचलला. ती म्हणाली, "आपा, भट्टी लगाए. उनो खुद आटे कू हात लगाए." मागून धपधप आवाज येत होता.

त्या वर्षी मी प्रात्यक्षिक घेतलं नाही. वर्ग ऑनलाइनच होते, कारण आयतं मिळालं. पुढच्या पावसाळ्यात कॉलेज नीट सुरू झालं. मी बाबूकडं पाव मागायला गेले नाही. दुसऱ्या बेकरीतून आणायचे, असं मनाशी ठरवलं होतं. एका सकाळी तोच कॉलेजच्या फाटकाशी उभा दिसला. काळा चष्मा, हातात दोन पुडकी. एक वर्तमानपत्रात बांधलेलं, एक पांढऱ्या कागदात.

"ये शिळा. उगाव तेरी बुरशी. डिब्बा खोलते वक्त पोरियां कू मास्क लगाने बोल." मग दुसरं पुडकं पुढं केलं. "ये ताजा. हात धोके खाव बोल."

मी दोन्ही पुडकी घेतली. तो स्कूटरकडं वळला आणि पुन्हा मागं आला.

"और आपा, बच्चों कू पूछ, घर में किस किस कू साखर है. तपासने बोल."

तेव्हापासून मी फळ्यावर रायझोपस लिहिण्याआधी तेच विचारते. साठ मुलांच्या वर्गात वीस-पंचवीस हात वर जातात. मग मी डबा उघडते.